यंत्र गावाचे, कार्ड ज्याचे त्याचे

रेशनच्या दुकानात अंगठा लावल्यावर ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच ऐकून परत फिरावे लागते, हे आपल्याला नवे नाही. शहरात त्याने तासभराचा खोळंबा होतो. दादरा आणि नगर हवेलीतल्या खानवेल-दुधनीकडच्या पाड्यावरून उतरून आलेल्या वारली बाईची त्यात दिवसाची मजुरी बुडते. तिची अडचण आधीच ओळखून घडवलेले यंत्र याच देशात 2001 साली तयार होते.

सिम्प्युटर हे त्याचे नाव. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक आणि विनय देशपांडे यांच्या एन्कोर सॉफ्टवेअरमधले अभियंते यांनी मिळून ते घडवले. 1981 साली ॲडम ऑस्बोर्न यांनी बाजारात आणलेला सुटसुटीत संगणक सुमारे 11 किलोचा होता, पडदा 5 इंची आणि आत बॅटरी नाही. भिंतीत प्लग असेल तिथेच तो चाले. त्याच्या तुलनेत सिम्प्युटर तळहातावर मावत होता. 206 मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, लिनक्स प्रणाली, लेखणीने चालणारा 320 बाय 240 ठिपक्यांचा पडदा. वापरणाऱ्याला लिहिता-वाचता येत असेलच असे रचनाकारांनी गृहीत धरले नाही, म्हणून भारतीय भाषांतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोयही त्यात केली.

पण त्याची खरी करामत स्मार्ट कार्डाच्या खाचेत होती. गरिबाला घरटी एक यंत्र परवडणार नाही, तेव्हा यंत्र गावाने मिळून घ्यावे आणि कार्ड प्रत्येकाने आपले ठेवावे. कार्ड सरकवले की आपली नोंद समोर. काढून घेतले की यंत्र पुढच्या माणसाचे. नोंद माणसाच्या कनवटीला राहते, कुठल्या दूरच्या सर्व्हरवर नाही. त्यातही मोठी गोष्ट म्हणजे यंत्राचा आराखडा खुल्या परवान्याखाली इतरांनाही वापरता येणार होता.

किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायचा संकल्प होता. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा’ सिम्प्युटर 2004 साली बाजारात आला, मात्र अपेक्षेच्या मानाने फारच थोडा खपला. गावासाठी घडवलेल्या वस्तूचे गिऱ्हाईक सरकारच असते, आणि सरकारने हवी तेवढी मागणी नोंदवली नाही. पुढे मोबाइल स्वस्त झाला आणि सिम्प्युटर मागे पडला. त्याची रचना चुकली होती असे मात्र मला वाटत नाही. आज रेशन दुकानदाराच्या आणि बँक मित्राच्या हातातले यंत्र त्याच जातीचे आहे. फक्त नोंद माणसाकडे ठेवण्याची बुद्धी त्यातून गळाली.

दादरा आणि नगर हवेलीत 2011च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. तेव्हा प्रशासनाने अशा यंत्रांची पुढची निविदा काढताना तीन अटी लेखी घालाव्यात: रेंज नसतानाही व्यवहार पुरा व्हावा, किती धान्य मिळाले आणि किती बाकी राहिले हे यंत्राने वारलीत बोलून सांगावे, आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद त्या माणसाच्या स्वतःच्या कार्डावर उतरावी. ज्या यंत्राला हे जमत नाही, ते विकत घेऊ नये.