हॉटेलच्या क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क कधी वसूल होते?

हॉटेल साखळी आणि बँक मिळून जे क्रेडिट कार्ड काढतात, त्याचे शुल्क दरवर्षी ठरलेले असते. फायदा मात्र कार्डधारक कुठे, कधी आणि कितीदा राहतो यावर अवलंबून असतो. एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेले ‘मॅरियट बॉन्वॉय’ कार्ड हे या प्रकारातले भारतातले ठळक उदाहरण. तेव्हा जाहीर झालेल्या अटींनुसार वार्षिक शुल्क ३,००० रुपये असून १८ टक्के जीएसटी धरून ते ३,५४० रुपये होते. बदल्यात दरवर्षी १५,००० पॉइंटपर्यंतच्या खोलीत एक मोफत मुक्काम, मॅरियटच्या सदस्यत्वाचा सिल्व्हर दर्जा, विमानतळांवरचे लाउंज आणि प्रत्येक १५० रुपयांच्या खर्चावर पॉइंट मिळतात. मॅरियटच्या हॉटेलांत ८, प्रवास, खाणेपिणे आणि मनोरंजनावर ४, इतरत्र २ असा त्यांचा दर आहे. अटी बदलत असतात, त्यामुळे अर्जापूर्वी चालू अटी वाचून घेणे आवश्यक आहे. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

त्या हिशेबाचा कणा म्हणजे मोफत मुक्काम. नाशिकच्या कोर्टयार्डसारख्या मॅरियटच्या हॉटेलात पावसाळ्यातल्या आडवारी खोली ६,००० रुपयांना मिळते असे धरले, तर ५ टक्के जीएसटीसह ६,३०० रुपये होतात. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर हाच कर लागतो, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. शुल्क वजा जाता २,७६० रुपये उरतात आणि कार्ड फायद्याचे दिसते. बहुतेक जाहिराती आणि शिफारशी इथेच थांबतात. पण त्याच गावी एरवी ते कुटुंब ३,००० रुपयांच्या लॉजवर उतरणार असेल, तर वाचले ते ३,००० रुपयेच. उरलेली रक्कम खिशातून जाणारच नव्हती, म्हणून ती बचतीत धरता येत नाही. शुल्क ३,५४० आणि बचत ३,०००, म्हणजे ५४० रुपये पदरचे गेले. अधिक चांगल्या खोलीचे सुख खरे आहे आणि त्यासाठी काही रक्कम मोजावीशी वाटणेही योग्य आहे. ती रक्कम प्रामाणिकपणे ठरवावी आणि बचतीत मिळवावी. हॉटेलच्या दरपत्रकावरचा आकडा तिच्या जागी लिहू नये.

मराठी घरातल्या सहलीचा विचार केला की आणखी अडचणी दिसतात. शाळांना सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत असते आणि महाबळेश्वर किंवा गोव्यातल्या खोल्या नेमक्या तेव्हाच महागतात. मॅरियटने खोलीच्या पॉइंटचे ठरीव तक्ते काढून टाकले आहेत. मागणी वाढली की पॉइंटही वाढतात. जुलैत १५,००० च्या आत मिळणारी खोली मे महिन्यातल्या शनिवारी त्या मर्यादेबाहेर जाऊ शकते. वरचे १५,००० पॉइंटपर्यंत स्वतःच्या खात्यातून भरण्याची सोय आहे, पण ते आधी जमलेले हवेत. शिवाय मोफत मुक्काम एका खोलीचा आणि एकाच रात्रीचा. आईवडील, दोन मुले आणि आजी एका खोलीत मावत नाहीत. दुसरी खोली, जादा बिछाना, कधी नाश्ताही पैसे देऊनच घ्यावा लागतो. सहल दोन रात्रींची असेल तर दुसऱ्या रात्रीचे बिल पूर्ण दराने येते. मुक्काम वापरायला साधारण वर्षभराचीच मुदत असल्याने ‘कधीतरी जाऊ’ म्हणणाऱ्या घरात तो वाया जाण्याची शक्यता मोठी. ज्यांना सुट्टी आडवारी आणि बिगरहंगामी घेता येते, त्या जोडप्याला किंवा निवृत्तांना हा मुक्काम सर्वाधिक लाभतो.

पॉइंटची किंमत काढायची रीत सोपी आहे. जी खोली हवी आहे तिचा करासह रोख दर तिला लागणाऱ्या पॉइंटनी भागावा. ७,२०० रुपयांच्या खोलीला १२,००० पॉइंट लागत असतील तर एक पॉइंट ६० पैशांचा. या भावाने वर्षाचा ६ लाखांचा सर्वसाधारण खर्च कार्डावर केल्यास ८,००० पॉइंट, म्हणजे ४,८०० रुपये हाती येतात. १ टक्का रोख परतावा देणारे साधे कार्ड तेवढ्याच खर्चावर ६,००० रुपये देते आणि ते पैसे किराण्यालाही चालतात. म्हणून केवळ पॉइंटसाठी हे कार्ड घेण्यात अर्थ नाही. मॅरियटचे सदस्यत्व विनामूल्य असते आणि हॉटेलच्या बिलावर सदस्याला मिळणारे मूळ पॉइंट कार्डाशिवायही मिळतात. तेही कार्डाच्या खात्यावर जमा धरू नयेत.

खर्चाच्या टप्प्यांवर मिळणारे मुक्काम हा वेगळा विषय आहे. वर्षात ६ लाख, ९ लाख आणि १५ लाख अशा तीन टप्प्यांवर एकेक जादा मुक्काम आहे. पहिल्यासाठी ६ लाख, दुसऱ्यासाठी आणखी फक्त ३ लाख, तिसऱ्यासाठी पुन्हा ६ लाख. यांत दुसरा टप्पा सर्वांत स्वस्त पडतो. साडेपाच लाखांवर थांबणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. महिना ५०,००० रुपयांचा खर्च कार्डावर बसवणेही वाटते तितके सोपे नाही. घरभाडे, इंधन, वॉलेट यांसारखे खर्च सहसा मोजले जात नाहीत. हे कार्ड डायनर्स क्लबच्या जाळ्यावरचे असल्याने काही छोट्या दुकानांतल्या मशीनवर चालत नाही. यूपीआयला रुपे क्रेडिट कार्डच जोडता येते, त्यामुळे भाजी, दूध, औषधे हा रोजचा क्यूआर-कोडवरचा खर्च याच्यावर येतच नाही. टप्पा गाठायचा म्हणून नको ती खरेदी करणे हा या कार्डाचा सर्वांत महागडा वापर आहे.

परदेशात तर हे कार्ड पाकिटातच ठेवावे. परकीय चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के आकार लागतो. दुबईच्या किंवा लंडनच्या मॅरियटमध्ये ८ पॉइंटच्या वरच्या दराने खर्च केला तरी ६० पैशांच्या भावाने परतावा ३.२ टक्केच होतो.

सिल्व्हर दर्जाला फार किंमत देऊ नये. त्यात थोडे जादा पॉइंट आणि शक्य असेल तर उशिरा खोली सोडण्याची मुभा असते, नाश्ता नसतो. लाउंजच्या भेटी देशांतर्गत १२ आणि आंतरराष्ट्रीय १२ अशा आहेत, पण दुसऱ्या कार्डावर ती सोय आधीच असेल तर त्यांची किंमत शून्य धरावी.

कामानिमित्त सतत फिरणाऱ्याचे गणित मात्र खरोखर वेगळे आहे. कार्डाबरोबर दरवर्षी १० रात्रींचे श्रेय मिळते. गोल्ड दर्जाला २५ रात्री लागतात, प्लॅटिनमला ५०. चाकण किंवा हिंजवडीच्या कोर्टयार्डमध्ये कंपनीच्या खर्चाने वर्षाला ४० रात्री काढणारा अभियंता या १० रात्रींच्या जोरावर प्लॅटिनमला पोहोचतो आणि अनेक हॉटेलांत त्याला नाश्ता मिळू लागतो. त्याच्यासाठी ३,५४० रुपये ही किरकोळ रक्कम आहे.

बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्यांनाच हा सगळा हिशेब लागू होतो. ८०,००० रुपये एक महिना थकले आणि व्याज साडेतीन टक्के धरले, तर २,८०० रुपये व्याज आणि ५०४ रुपये जीएसटी मिळून ३,३०४ रुपये होतात. मुक्कामाची कमाई त्यातच संपते. बाकी राहिली की नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किमान देय रक्कमच भरण्याची सवय असलेल्या घराने असे कार्ड घेऊच नये.

पहिल्या वर्षाचा अनुभव हाताशी असल्याने दुसऱ्या वर्षीचा निर्णय सोपा असतो. मुक्काम वापरला का, कुठे, आणि तो नसता तर किती पैसे दिले असते, एवढे कागदावर मांडावे. उत्तर ३,५४० च्या खाली आले तर नूतनीकरणाचे शुल्क बिलात लागण्याआधीच कार्ड बंद करण्याची विनंती लेखी द्यावी. थकबाकी नसल्यास बँकेने ती सात कामकाजी दिवसांत पूर्ण केली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, उशीर झाल्यास बँकेला ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. मॅरियटच्या खात्यात पोहोचलेले पॉइंट कार्ड बंद झाले तरी राहतात. २४ महिन्यांत त्या खात्यात काहीच व्यवहार झाला नाही, तर मात्र ते रद्द होतात.