दुसऱ्याची टवाळी

शाळेत सायकलने जात असलो, तरी मोटारींचा शौक मलाही आहे. म्हणून पंचवटी कारंजापाशी चहा घेताना माझे जुने विद्यार्थी ‘टॉप गिअर’ या विलायती कार्यक्रमावर वाद घालू लागले, तेव्हा मीही बाकावर टेकलो. विषय जुनाच. २०११ च्या डिसेंबरात बीबीसीने दाखवलेला भारताचा खास भाग! जेरेमी क्लार्कसन या गृहस्थाने जग्वार गाडीच्या पाठीवर कमोड बसवून मुंबईहून हिमालयापर्यंत आपली टर उडवली. लंडनच्या आपल्या उच्चायुक्तालयाने निषेध केला. बीबीसीने माफी मागितली नाही.

‘‘गुरुजी, हा देशाचा अपमान नाही का?’’ एकजण तावातावाने म्हणाला.

आहे ना! पण त्याच वर्षी जानेवारीत याच मंडळींनी एका मेक्सिकन मोटारीचे निमित्त करून साऱ्या मेक्सिकन लोकांना आळशी ठरवले होते. त्यांच्या राजदूताने तक्रार केली, तेव्हा बीबीसीने माफी मागितली. आणि इकडे तो भाग पाहताना आपण काय केले? पोट धरधरून हसलो. मीसुद्धा हसलो, खोटे कशाला बोलू?

‘‘पण गुरुजी, ती नुसती गंमत होती.’’

गंमत! वाचकहो, याच बाकावर घटकाभरापूर्वी चहा देणाऱ्या बिहारी तरुणाच्या बोलण्याची नक्कल चालली होती. तो मुकाट्याने कप विसळत होता. त्याने कोणत्या उच्चायुक्तालयाचे दार ठोठवावे?