पाटीला एक माप, फलकाला दुसरे

भांडुप स्टेशनबाहेरच्या किराणा दुकानदाराला आपल्या पाटीचा हिशोब नीट ठाऊक असावा लागतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३२८-अ नुसार स्वतःच्या धंद्याची, दिवे नसलेली पाटी आपल्याच जागेवर लावण्यास परवानगी लागत नाही. पाटीत दिवा बसवला की आयुक्तांची लेखी परवानगी आली. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी नामफलक सक्तीचा झाला आणि देवनागरी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत, असे ठरले. ही अट रास्तच आहे. सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपताच पालिकेचे कर्मचारी दुकानोदुकानी फिरले, नोटिसा निघाल्या.

आता याच पूर्व उपनगरातील दुसरे माप पाहावे. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरातील पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अजस्र फलक कोसळला आणि १७ माणसे प्राणास मुकली. पालिकेची कमाल मर्यादा होती ४० × ४० फूट, म्हणजे १,६०० चौरस फूट. हा फलक होता १२० × १२० फूट, म्हणजे १४,४०० चौरस फूट. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते, हे शाळकरी गणित आहे. वाऱ्याचा एकूण रेटाही नऊपट होतो, आणि फलक उंच झाल्यामुळे पायावर येणारा ताण त्याहूनही वाढतो. एवढा फलक रातोरात उभा राहत नाही. महामार्गावरून जाणारा प्रत्येक जण तो पाहत होता.

मग तो मोजला का गेला नाही? जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती, आपली परवानगी घेतलीच नव्हती, असे पालिकेने नंतर सांगितले. एका सरकारी खात्याची हद्द संपते तेथे दुसऱ्याची जबाबदारी सुरू होत नसेल, तर मधल्या पट्ट्यात कंत्राटदाराचे राज्य चालणारच. दुकानदाराला असा पट्टा कधी लाभत नाही.

यामागचे अर्थकारणही कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. फलकाची किंमत त्याच्या लोखंडात नसते, ती रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या लाखो डोळ्यांत असते. रस्ता जनतेच्या पैशाने बांधलेला, वर्दळ जनतेची. तिच्यातून निपजणारा खंड मात्र खाजगी खिशात जातो. फलक जितका मोठा, तितका खंड मोठा, आणि म्हणून मर्यादा ओलांडण्याचा मोहही मोठा.

भांडुपमधून लालबहादूर शास्त्री मार्ग आणि पूर्व द्रुतगती महामार्ग असे दोन मोठे रस्ते जातात. शाखांनी या दोन्ही रस्त्यांवरील फलकांची यादी करावी. प्रत्येक फलकाचे मंजूर माप, जागेचा मालक, परवान्याची मुदत आणि स्थैर्य प्रमाणपत्राची तारीख २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली एस विभाग कार्यालयाकडे मागावी. जागा रेल्वेची वा अन्य खात्याची असेल तर त्या खात्याकडेही तोच अर्ज करावा. पावसाळ्यापूर्वी उत्तरे हाती आली पाहिजेत.