बंदरातले सहा तास

कॅरिबियन समुद्रातील सात रात्रींच्या क्रूझचे तिकीट काढले म्हणजे सारे काही आले, अशी पुष्कळ कुटुंबांची समजूत असते. वस्तुतः त्या तिकिटात जहाज, खोली, भोजन आणि जहाजावरील करमणूक एवढेच येते. बेटावर उतरून जे पाहायचे वा करायचे, त्याचा खर्च निराळा. प्रवासाच्या काही महिने आधी कंपनी किनाऱ्यावरील सहलींची यादी पुढे ठेवते. प्रत्येक बंदरासाठी कितीतरी सहली, प्रत्येकीचे मोहक छायाचित्र आणि माणशी डॉलरमधील दर. तरुण मंडळी चित्रे पाहून बोट ठेवतात, वडीलधारी दर पाहून विचारात पडतात आणि अखेरीस निवड घाईने होते. दुकानात माल भरताना जी चौकशी सहज केली जाते, ती येथे होत नाही. प्रत्येक बंदराला एकच मुख्य गोष्ट निवडावी आणि बाकीच्या मोकळ्या मनाने सोडाव्यात, हे सूत्र आधी स्वीकारले तर पुढचे काम सोपे होते.

पहिला हिशेब तासांचा. वेळापत्रकात ‘सकाळी आठ ते सायंकाळी पाच’ असे लिहिलेले असते. वाचणारा नऊ तास मोजतो. परंतु जहाज धक्क्याला लागल्यावर उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत अर्धा तास जातो आणि परतण्याची अंतिम वेळ सुटण्याच्या किमान अर्धा तास आधीची असते. ग्रँड केमनसारख्या ठिकाणी मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. ती समुद्रात नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान नावांतून किनाऱ्यावर नेले जाते. त्या रांगेत जाता-येता आणखी तासभर खर्ची पडतो. अडीअडचणीसाठी एक तास राखून ठेवला, तर हाती सहाच तास उरतात. बंदराचे खरे भांडवल तेवढेच.

या भांडवलातून काय घेता येते, याचे उत्तम उदाहरण मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर मिळते. तेथे उतरणाऱ्यांना मुख्य भूमीवरील तुलुम येथील माया संस्कृतीचे समुद्रकाठचे अवशेष पाहण्याची ओढ असते. त्यासाठी आधी पाऊण तासाची फेरी बोट, मग सुमारे तासाभराचा रस्ता आणि परत येताना तेच. चिचेन इत्झा तर याहूनही कितीतरी दूर. उलट कोझुमेल बेटावरच सान गेर्वासिओ हे माया अवशेषांचे स्थळ आहे. इश्चेल देवीच्या दर्शनासाठी माया स्त्रिया तेथे यात्रेला येत. त्याची भव्यता तुलुमइतकी नाही. परंतु टॅक्सीने थोड्याच वेळात पोहोचता येते आणि शांतपणे पाहून दुपार मोकळी राहते. तुलुम पाहायचेच असेल तर तो दिवस सर्वस्वी तुलुमचा, हे मनाशी धरून जावे.

घड्याळाचा आणखी एक सापळा आहे. फ्लोरिडात मार्च ते नोव्हेंबर घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. जमैका, केमन बेटे आणि कोझुमेल येथे ती वर्षभर तशीच राहतात. जहाज मायामीच्या वेळेवर चालत असेल, तर जहाजावर पाच वाजतात तेव्हा बेटावर चारच वाजलेले असतात. फोनवरील घड्याळ आपोआप बेटाची वेळ दाखवते आणि प्रवासी निश्चिंत राहतो. म्हणून घरातील एकाच्या मनगटावर तरी साधे घड्याळ असावे आणि ते जहाजाच्या वेळेला लावलेले असावे.

सहल जहाज कंपनीकडून घ्यावी की बाहेरून, हा प्रश्न व्यापारी घरात हमखास निघतो. बाहेरची सहल बहुधा स्वस्त पडते आणि गर्दीही कमी असते. परंतु कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, किंवा कंपनी त्या प्रवाशांना पुढच्या बंदरी पोहोचवण्याची जबाबदारी घेते. स्वतंत्रपणे गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. पुढचे बंदर त्याने स्वखर्चाने गाठायचे. वादळामुळे बंदर वगळावे लागले, तर कंपनी आपल्या सहलीचे पैसे परत करते. बाहेरच्या व्यावसायिकाच्या अटी मात्र ज्याच्या त्याच्या असतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा काळ असल्याने ही शक्यता गृहीत धरावी. तेव्हा दरातील फरक हा एक प्रकारे विम्याचा हप्ता आहे. लांबच्या, समुद्र ओलांडून जाण्याच्या सहलींसाठी तो भरावा. जेथे गाव धक्क्यालगत आहे, तेथे भरण्याची गरज नाही. पोर्तो रिकोमधील सान हुआनचे जुने शहर आणि त्याचे स्पॅनिश किल्ले, किंवा कुरासाओतील विलेमस्टाड पायी पाहता येतात. विलेमस्टाड येथे क्वीन एमा नावाचा तरंगता पूल आहे. १८८८ साली बांधलेला हा पूल जहाज आले की सबंध बाजूला सरकतो. जवळच १७३२ सालचे ज्यूंचे प्रार्थनामंदिर असून त्याच्या जमिनीवर वाळू पसरलेली असते. हे पाहण्यासाठी बसची वा वाटाड्याची आवश्यकता नाही.

दुसरा हिशेब माणसांचा. तीन पिढ्या एकत्र निघतात तेव्हा सर्वांनी सर्व ठिकाणी एकत्रच असावे, असा आग्रह धरला जातो. जमैकातील ओचो रिओसजवळचा डन्स रिव्हर धबधबा सुमारे ६०० फूट लांबीच्या खडकांच्या टप्प्यांवरून समुद्राकडे येतो. प्रवासी परस्परांचे हात धरून वाहत्या पाण्यातून वर चढतात. नातवंडांना यासारखा आनंद नाही. गुडघ्याचे दुखणे असलेल्या आजीला मात्र ती शिक्षाच. शेजारून पायऱ्या आहेत, त्यांवरून चढणाऱ्यांना पाहता येते. पण जिला पायऱ्याही जड, तिला केवळ एकत्रपणासाठी नेऊ नये. सेंट किट्स बेटावर याउलट सोय आहे. १९१२ ते १९२६ या काळात ऊस वाहून नेण्यासाठी जी अरुंद रेल्वे बांधली गेली, तिच्यावरून आज पर्यटकांची गाडी धावते. काही मार्ग रेल्वेने व काही बसने अशी सुमारे तीन तासांत बेटाला प्रदक्षिणा होते. आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून समुद्र पाहू शकतात. एखाद्या बंदरात कुटुंबाने दोन गट करावेत आणि एखादे बंदर असे निवडावे की जेथे सर्वांत अशक्त माणूसही सर्वांबरोबर राहील. “तुम्ही या जाऊन, मी जहाजावरच बसते,” असे घरातील ज्येष्ठ स्त्री म्हणते, तेव्हा ती खरोखर विश्रांती मागत आहे की इतरांची अडचण टाळत आहे, हे सुनेने वा लेकीने ओळखावे. जहाज रिकामे असताना सामायिक स्वाध्याय सुखाने होतो हेही खरे. परंतु प्रत्येक बंदरी तेच घडू नये.

तिसरी कसोटी जीवदयेची आहे आणि जैन कुटुंबासाठी ती टाळता येण्याजोगी नाही. यादीतील पुष्कळ सहली प्राण्यांभोवती रचलेल्या असतात. ‘डॉल्फिनबरोबर पोहा’ हे वाक्य लहान मुलांना भुरळ घालते. मोकळ्या समुद्रात मैलोगणती फिरणारा हा बुद्धिमान सस्तन प्राणी तेथे कुंडात वा जाळीत ठेवलेला असतो आणि ठरावीक वेळी ठरावीक खेळ करतो. २०२५ साली मेक्सिकोच्या संसदेने डॉल्फिनांचे असे खेळ बंद करण्याचा कायदा संमत केला. जे एका देशाच्या कायद्याला पटले, ते अहिंसेचा संस्कार असलेल्या घराला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

ग्रँड केमनचे ‘स्टिंगरे सिटी’ हे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. तेथे कंबरभर पाण्यातील वाळूच्या पट्ट्यावर पाकट मासे माणसांभोवती निर्भयपणे फिरतात. ते बंदिस्त नाहीत, म्हणून ही सहल निर्दोष वाटते. पूर्वी कोळी त्या शांत पाण्यात मासे साफ करून आतडी टाकत. त्या वासाने पाकट जमू लागले. आजही त्यांना माकुळाचे तुकडे चारूनच तेथे आणले जाते. स्वभावतः रात्री एकेकटे अन्न शोधणारे हे जीव आता दिवसा झुंडीने वावरतात. त्यांना पाण्याबाहेर उचलण्यास तेथील कायद्याने बंदी आहे. एका जिवाला आकर्षित करण्यासाठी दुसऱ्या जिवाचे तुकडे हाती धरायचे, ही गोष्ट तिकीट काढण्यापूर्वीच घरात बोलली जावी. नावेत बसल्यावर मुलाच्या हाती तो तुकडा आला, तर नको म्हणणे आई-वडिलांना अवघड जाते.

समुद्रातील जीवसृष्टी पाहावयाची असेल, तर स्नॉर्केलिंग हा अधिक निरुपद्रवी मार्ग आहे. कोझुमेलजवळची प्रवाळभिंत जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या प्रवाळभिंतीचा भाग होय. पोहता न येणाऱ्यांसाठी काचेच्या तळाच्या नावा असतात. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते सूक्ष्म जीवांच्या वसाहतींनी घडलेले असते. त्यावर पाय ठेवणे म्हणजे जिवंत वस्तीवर पाय ठेवणे. अंगाला लावायच्या सनस्क्रीनमधील काही रसायने प्रवाळाला अपायकारक ठरतात. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांनी २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट व ऑक्टोक्रायलीन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. बाटलीवरील घटक घरीच वाचून घ्यावेत. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा वापरला तर सनस्क्रीन कमी लागते. येथेही यतना म्हणजे एवढेच भान.

आहाराचा विचार सहल ठरवतानाच करावा. जहाजावर जैन भोजनाची सोय हवी असल्यास आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. परंतु बेटावरील दुपारचे भोजन ज्या सहलीत समाविष्ट असते, तेथे ही सोय बहुधा नसते. कसावा, याम आणि रताळे ही त्या बेटांवरची रोजची अन्ने. म्हणजे शाकाहारी ताटातही कंदमूळ असतेच. जमैकातील रास्ताफारी पंथाच्या लोकांचा ‘इटल’ नावाचा आहार बहुतांशी मांसवर्जित असतो, पण त्यातही याम येतो. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात तो मात्र झाडावर लागणारा असून तेथे मुबलक मिळतो. भाजलेला नीरफणस आणि ताजी फळे यांवर एक वेळ निभावते. जहाजावरून फळे किंवा शिजवलेले अन्न बेटावर नेण्यास सामान्यतः मनाई असते. खाकऱ्याचे कारखान्यातून सीलबंद आलेले पाकीट सोबत ठेवावे. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्त पाहून सहल निवडावी. डिसेंबरात जमैकात साडेपाच ते पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारची सहल पाचला परतली, तर हातपाय धुऊन भोजनगृहात पोहोचेपर्यंत वेळ टळते. अशांनी सकाळचीच सहल घ्यावी.

खरेदीविषयी व्यापारी घरांना कोणी सांगावे असे नाही. तरी परदेशात व्यापारीही गिऱ्हाईकच असतो. जहाजावर जी दुकाने ‘शिफारसप्राप्त’ म्हणून सांगितली जातात, त्यांनी त्या प्रसिद्धीसाठी मोबदला दिलेला असतो. सेंट थॉमस व सेंट मार्टिन येथील बाजारपेठांत सिंधी व्यापाऱ्यांची जवाहिराची व घड्याळांची दुकाने भेटतात. आपुलकीने बोलणे व्हावे, पण भाव घरून पाहून निघालेला बरा. सहा तासांपैकी चार दुकानांत गेले, तर बेट पाहिले असे म्हणता येत नाही.

शेवटची गोष्ट यादीत फारशी ठळक नसते. ही बेटे केवळ वाळू आणि नारळ नव्हेत. साखरेच्या व्यापारासाठी आफ्रिकेतून लक्षावधी माणसे गुलाम म्हणून येथे आणली गेली. सेंट किट्सवरील ब्रिमस्टोन हिल किल्ला त्यांच्याच हातांनी उभा राहिला. १९९९ पासून तो जागतिक वारसा आहे. ब्रिटिश वसाहतींत १८३८ मध्ये गुलामी पूर्णतः संपली. मग मजुरांची उणीव भरून काढण्यासाठी १८४५ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जमैका व त्रिनिदादला नेण्यात आले. १९१७ पर्यंत ही वाहतूक चालू राहिली. त्यांत बहुसंख्य भोजपुरी भागातील व मद्रासकडील गरीब माणसे होती. बाजारात दिसणाऱ्या साखरेच्या भावामागे किती श्रम आणि किती अन्याय दडलेला असू शकतो, हे व्यापारी घरातील पुढच्या पिढीने एकदा तरी त्या भूमीवर उभे राहून जाणावे. सबंध प्रवासात एक बंदर या इतिहासासाठी ठेवले, तर ते सहा तास वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

प्रवास ठरला की एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. प्रत्येक बंदरापुढे हाती असलेले तास लिहावेत, कोण येणार आणि कोणाला काय झेपणार हे लिहावे. जी सहल जिवाला त्रास देते वा व्रत मोडते, तिच्यावर तेव्हाच रेघ ओढावी. भारतीय पारपत्रधारकांनी अमेरिकेचा एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा असल्याची खात्री करून घ्यावी, कारण बेटे पाहून अमेरिकेतच परतायचे असते. मग उरलेल्या यादीतून लहानांना एक बंदर आणि ज्येष्ठांना एक बंदर निवडू द्यावे.