ट्रकला पासिंग, चालकाला काय?

ज्या लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून श्वास, नाडी आणि मणका यांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर आणले, ज्या गावाच्या हवेवर मुंबईकरांच्या पिढ्यांनी आपल्या प्रकृतीची डागडुजी करून घेतली आणि जेथे आजही दर दुसऱ्या बंगल्याच्या पाटीवर आरोग्य आणि शांती नांदते, त्याच लोणावळ्याच्या अंगणातून रात्रंदिवस बोरघाट उतरणाऱ्या ट्रकचालकाला लघवीसाठी निर्धास्त थांबता येईल अशी जागा मिळू नये, ही गोष्ट या तालुक्याला आणि या राज्याला खटकत कशी नाही? खटकत नाही, कारण तो कोणाला दिसतच नाही. दिसतो तो ट्रक.

आणि ट्रकाची काळजी सरकार घेते, हे मान्य केले पाहिजे. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी तिचे पासिंग झालेच पाहिजे. चालकाची वैद्यकीय तपासणी मात्र परवान्याच्या नूतनीकरणाला बांधलेली. ती पूर्वी तीन वर्षांनी येई, २०१९च्या दुरुस्तीने पाच वर्षांवर नेली. लोखंड दोन वर्षांत झिजते आणि रक्तमांस पाच वर्षे अभंग राहते, असा हा शोध! बरे, पाच वर्षांनी तरी कोणी नाडी पाहतो काय? कित्येकदा आरटीओबाहेरचा दलाल कागद पुढे करतो, डॉक्टरचा शिक्का उमटतो, आणि ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे तो मनुष्य चाळीस टन माल घेऊन घाटाला लागतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या उर्से टोलनाक्याच्या आसपास पहाटे उभ्या असलेल्या ट्रकांच्या एखाद्या केबिनमध्ये डोकावून पाहा. काचेला टॉवेल लावलेला, पाय डॅशबोर्डवर, इंजिनाची धग अजून पत्र्यात मुरलेली. पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली, कारण पाणी प्यायले की थांबणे आले आणि थांबले की मालकाचा फोन आला. दुसरी बाटली कशासाठी असते, हे सभ्य वाचकांनी ओळखून घ्यावे. या जिण्यातून मुतखडा होतो, मूळव्याध होते, कंबर धरते. ढाब्यावरच्या तेलकट तर्रीने आणि बैठ्या अंगाने रक्तातली साखर चढते. झोप मारायला दाढेत गुटखा जातो. पूर्वी लांबच्या भाड्याला दोन चालक आणि एक क्लीनर असत. आता काटकसरीच्या नावाखाली एकाच माणसाने तिघांचे जागरण करायचे. दोन दिवसांचा असा जागलेला मनुष्य डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून घाट उतरवतो, तापलेले ब्रेक सुटतात, आणि आपण छापतो, ‘ब्रेक फेल’. २०२५च्या जुलैत खोपोलीजवळ एका कंटेनरने वीसेक वाहनांना ठोकरले, एका महिलेचा जीव गेला. तेव्हाही कारण तेच छापून आले.

कायदा नव्हता असे नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, लांब पल्ल्याला परवानगीने फार तर दहा तास, आणि पाच तास कामानंतर अर्धा तास विश्रांती असे बजावले होते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१व्या कलमाने तेच तास पुन्हा सांगितले. त्यांची अंमलबजावणी कशी करणार, याच्या बैठका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२५च्या एप्रिलमध्ये केंद्राला फर्मावावे लागले! चौसष्ट वर्षांनी बैठका! आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने काय केले? जुना कायदा पाच कामगारांच्या वाहतूकधंद्यालाही लागू होता. नव्या संहितेने ती मर्यादा दहावर नेली. पाच ते नऊ कामगार ठेवणारे मालक बाहेर मोकळे.

पुढची गंमत पाहा. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना येतो. मांडव पडतो, बोट टोचून साखर तपासतात, चष्मे वाटतात, पुढाऱ्यांची छायाचित्रे निघतात. साखर अडीचशे निघाली त्याला गोळ्या देणारा, महिन्याने पुन्हा तपासणारा कोणी नाही. तो तेव्हा नागपूरच्या पलीकडे असतो. शनिवार-रविवार आला की पर्यटकांच्या मोटारी भुशी धरणाला सुखरूप पोहोचाव्यात म्हणून हीच अवजड वाहने कडेला रोखतात, तासन्‌तास, ना छप्पर ना शौचालय. आणि गेलेले तास रात्री झोपेतून भरून काढण्याचे काम चालकाच्या डोळ्यांवर सोपवतात. द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे त्याचा वेग किलोमीटरपर्यंत मोजतात. तो किती तास झोपला नाही, हे मात्र ते मोजत नाहीत.

द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून टोल वसूल होत आहे. त्यातून उर्से आणि खालापूर येथे ट्रकांसाठी राखीव तळ, न्हाणीघर, स्वस्त भोजन आणि चोवीस तास डॉक्टर उभे करा. चालकाची तपासणी ट्रकाच्या पासिंगबरोबर, फुकट, आणि खोटा शिक्का मारणाऱ्या डॉक्टरची सनद रद्द. भारतीय न्याय संहितेत अपघातात जीव घेऊन पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिताना सरकारचा हात अडखळला नाही. जानेवारी २०२४मध्ये चाके थांबली तेव्हा कुठे ते कलम बाजूला ठेवले. आता दुसरे कलम लिहा. अपघाताच्या पंचनाम्यात टायर, ब्रेक, वेग यांच्या आधी एक रकाना असू द्या : चालक किती तास गाडीवर होता? आकडा कायद्याबाहेरचा निघाला, तर आरोपींच्या यादीत पहिले नाव मालकाचे.