पेपर गेला, माणूस नाही

दहावीच्या निकालानंतर आम्ही कशेळ्याला एका मानलेल्या बहिणीकडे गेलो होतो. तिचा मुलगा गणितात गेलेला. चार दिवस तो घराबाहेर पडला नव्हता, धड जेवतही नव्हता. "मामा, संपलं सगळं. मी कुचकामी आहे," एवढेच बोलला. बाहेर त्याचे वडील म्हणत होते, "आम्ही राबून शिकवतो. याने पास व्हायलाच पाहिजे होतं!"

आम्हाला अल्बर्ट एलिस आठवले. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि आपल्याकडे रुजवली.

एलिस यांचे म्हणणे साधे आहे. नापास होणे ही घटना. अन्न न जाणे हा परिणाम. मधे बसलेली असते ती आपली समजूत. 'पास झालो असतो तर बरे होते' ही इच्छा. ती मोडली की वाईट वाटते, पण माणूस पुन्हा अभ्यासाला लागतो. 'व्हायलाच पाहिजे' हा हट्ट. तो मोडला की माणूसच मोडतो.

म्हणून समजुतीला प्रश्न विचारायचा : हे कशावरून? न तपासता काही मानू नका, असे तथागतांनी कालामांनाही सांगितले होतेच. एलिस यांनी तर गुलामीत वाढलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाचे ऋण उघड मान्य केले आहे.

याचा अर्थ अन्याय मुकाट्याने गिळा, असा नव्हे. कोणी हिणवले तर जाब विचारायचाच. मात्र त्याचे मत आपले मत करून घ्यायचे नाही.

आम्ही मुलाला विचारले, "बाकीचे विषय?"

"सुटले."

"कुचकामी माणसाने ते कसे सोडवले रे?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचाय." वडिलांनी ताट वाढायला सांगितले आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले.

बंधू-भगिनींनो, दरवेळी एवढ्यावर भागत नाही. मूल जेवेना, झोपेना, जिवाचे बरेवाईट बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तो आजच भिंतीवर लिहून ठेवा.