टक्क्यांत न मावणारं अपंगत्व

‘अपंगत्व किती टक्के?’ विम्याच्या फॉर्मवरचा हा रकाना दिसायला साधा. पण त्यापायी डॉक्टर आणि पेशंट दोघांचीही दमछाक होते. महिला मंडळाच्या कामामुळे अशा कितीतरी जणींबरोबर मी विम्याच्या कचेरीत आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत बसले आहे. उपचार करणारे डॉक्टर लिहून देतात, बाईंना मनगट वळवता येत नाही. कंपनी म्हणते, आणखी एक दाखला आणा, एक्स-रे पुन्हा काढा. कंपनीचे डॉक्टर कधी कधी तर नुसते कागद बघून शेरा मारतात. मग पेशंटला वाटतं, आपल्याच डॉक्टरांनी नीट लिहिलं नाही. डॉक्टरांना वाटतं, ही फक्त दाखल्यापुरती येते. दोघांमधला विश्वास उडतो, तो कोणत्या रकान्यात भरायचा?

२०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या अपघात भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शरीराच्या अपंगत्वाचे टक्के पाहून भागत नाही, त्या माणसाची कमाई किती बुडाली ते पाहा. डावा हात गेला तर सुताराची रोजीच जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. न तपासता तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांबाबत सावध राहा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीसाठी ताटकळत न ठेवता ठरावीक वेळ द्या, असंही न्यायालय म्हणालं.

सुतार झाला, कारकून झाला. आणि घरातली बाई? अपघात विम्यात काम थांबल्यावर दर आठवड्याला मिळणारी रक्कम बहुधा कमाईशी बांधलेली असते. गृहिणीच्या कमाईपुढे शून्य! मग कणीक मळणं, धुणं पिळणं, आजारी सासूबाईंना उठवून बसवणं हे काय होतं? जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात न्यायालयाने घरकामाला पैशात मोल आहे हे ठासून सांगितलं. ते मोल विम्याच्या फॉर्मवर कधी उतरणार?

बँकेतल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला वर्षाला २० रुपये लागतात, कमाईची अट नाही. ती जरूर घ्या. पण एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा, पूर्ण निकामी झाला तरच १ लाख मिळतात. आखडलेलं मनगट त्यातही बसत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, डॉक्टरांकडे नुसते टक्के मागू नका. कोणकोणतं काम जमत नाही ते सविस्तर सांगा आणि तेवढं लिहून देण्याची विनंती करा. प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा. कंपनीने नकार दिला तर तो लेखी घ्या. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.

दिवसभर राबणाऱ्या बाईचा हात थांबला, तर अख्खं घर थांबतं. एवढं साधं गणित विमा कंपन्यांनाही जमायला हवं.